शेवटच्या दिवसाची वीज

रात्रीचे अकरा वाजत आले आहेत. तारीख ८ जुलै १९६२. तुम्ही होनोलुलूतल्या एका हॉटेलच्या गच्चीवर उभे आहात. भोवती माणसांची दाटी. कुणी खुर्च्या मांडल्यात, कुणी पेंगुळलेल्या पोराला कडेवर घेतलंय. आज आभाळात काहीतरी दिसणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे, म्हणून माना नैर्ऋत्येकडे वळलेल्या.

अकराचा ठोका पडतो आणि आभाळ लख्ख उजळतं. आवाज काहीच नाही. पांढऱ्याचा हिरवट होतो, हिरवटाचा तांबडा, आणि तो तांबडा रंग क्षितिजावर पसरून राहतो. होनोलुलू ज्यावर वसलंय त्या ओआहू बेटावर या रात्री रस्त्यावरचे सुमारे ३०० दिवे गेले. इथून साधारण १,४५० किलोमीटरवर, जॉन्स्टन बेटाच्या वर ४०० किलोमीटर उंचीवर, अमेरिकेनं १.४ मेगाटनांचा अणुबॉम्ब फोडला आहे. चाचणीचं नाव ‘स्टारफिश प्राइम’.

माणसं हळूहळू पांगतात. तुम्ही थोडं थांबा, कारण जे दिसलं त्याहून मोठी गोष्ट न दिसणारी आहे. स्फोटातून सुटलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेत. या टोकाकडून त्या टोकाकडे हेलपाटे घालत ते महिनोन्‌महिने तिथेच राहणार आहेत. आणि उपग्रहांची वाट त्यांच्यातूनच जाते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही केप कॅनव्हरालला पोहोचता तेव्हा बेल लॅब्सचा ‘टेलस्टार’ निघालेला असतो. ७७ किलो वजनाचा गोळा, अंगभर ३,६०० सौरघट, प्रत्येकावर नीलमण्याचं पातळ पारदर्शक आवरण. त्याचं काम अटलांटिकपलीकडे दूरचित्रवाणीची चित्रं पोचवण्याचं. ते तो करतो, जगभर नाव होतं, आणि फेब्रुवारी १९६३मध्ये तो कायमचा गप्प होतो. किरणोत्सारानं त्याच्यातले ट्रान्झिस्टर खाल्ले. त्याच्या आधीच वर असलेल्या ‘ट्रान्झिट ४बी’ आणि ‘ट्राक’ या उपग्रहांचं दुखणं वेगळं होतं. त्यांचे सौरघटच काही आठवड्यांत इतके क्षीण झाले की पुरेशी वीज उरली नाही. सूर्य तोच, घट तेच, आणि वीज मात्र रोज थोडी कमी.

या जागेपासून मी तुम्हाला फिरवणार आहे ते एकाच गोष्टीसाठी. जमिनीवरचं सोलर पॅनेल विकत घेताना आपण विचारतो, आज किती वीज देईल? अवकाशात हा प्रश्न अर्धाच आहे. तिथे खरा आकडा पहिल्या दिवसाचा नसतो, शेवटच्या दिवसाचा असतो. पंधरा वर्षं मार खाल्ल्यावर जे उरेल त्यावर उपग्रह चालतो, आणि तेवढं उरावं म्हणून सुरुवातीला जास्तीची पॅनेलं वाहून न्यावी लागतात.

मार नेमका कुठे बसतो, ते घटाच्या आत शिरून बघा. सिलिकॉनचे अणू ओळीनं बसलेत. प्रकाश आत येतो आणि एका इलेक्ट्रॉनला जागेवरून सोडवतो. तो इलेक्ट्रॉन घटातल्या जोडापर्यंत, म्हणजे दोन थर जिथे भेटतात त्या सीमेपर्यंत, चालत गेला तरच वीज मिळते. विहिरीवरून घरी पाणी आणण्यासारखंच हे. बाहेरून आलेला वेगवान कण सिलिकॉनच्या अणूला धडकतो, अणू जागेवरून उडतो आणि तिथे खळगा पडतो. या खळग्यांत चालणारे इलेक्ट्रॉन अडकून विरतात. प्रत्येक खळगा म्हणजे घागरीला एक नवं छिद्र. लांबच्या विहिरीवरून गळक्या घागरीनं पाणी आणलं तर घरी किती पोचतं हे तुम्हाला सांगायला नको. आणि सिलिकॉनमध्ये तांबडा प्रकाश खोलवर शिरतो, म्हणजे विहीर खूपच लांब.

टेलस्टारच्या अभियंत्यांनी एक उपाय आधीच केला होता. घटाचे थर उलटे ठेवले, म्हणजे खालच्या जाड थरात पाणी वाहायचं काम चपळ इलेक्ट्रॉनांकडे आलं. घागर गळकी तीच, पण वाहणारा झपाझप चालणारा. त्यावर नीलमण्याचं झाकण. तिसरा उपाय मात्र त्यांच्या हातात नव्हता. विहीरच दाराशी आणायची. त्यासाठी पुढची साठ वर्षं लागली आणि ते काम अजून चालूच आहे.

पुढे जाण्याआधी चार वर्षं मागे या. १७ मार्च १९५८, हेच केप कॅनव्हराल. ‘व्हॅनगार्ड १’ तुमच्या तळहातावर ठेवलाय असं समजा. साडेसोळा सेंटिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा गोळा, पपनसाएवढा, वजन १.४६ किलो. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी फळाची उपमा देऊन त्याची टिंगल केली होती. पृष्ठभागावर सहा छोटे चौकोन दिसतात, ते सौरघट. चार वर्षांपूर्वी बेल लॅब्समध्ये चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी पहिला कामाचा सिलिकॉन घट दाखवला तेव्हा तो प्रकाशाच्या ६ टक्क्यांचीच वीज करत होता. असं नवखं उपकरण उपग्रहावर न्यावं म्हणून हान्स त्सिगलर हे अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरचे शास्त्रज्ञ हट्टाला पेटले होते. या गोळ्यात दोन प्रेषक आहेत, एक बॅटरीवर आणि एक या सहा घटांवर. बॅटरीवरचा जूनमध्येच थांबला. घटांवरचा १९६४च्या मेपर्यंत बोलत राहिला. पहिल्या उपग्रहाच्या, स्पुटनिकच्या, बॅटऱ्या तीन आठवडे चालल्या होत्या, हे शेजारी ठेवून बघा. त्सिगलर यांचा हट्ट नसता तर अवकाशातल्या विजेची गोष्ट कितीतरी उशिरा सुरू झाली असती, असं मला मनापासून वाटतं.

आता १९७२. मेरीलँडमधलं क्लार्क्सबर्ग, कॉमसॅटची प्रयोगशाळा. दळणवळण उपग्रह चालवणाऱ्या या कंपनीला एकेक वॉट मोलाचा आहे, कारण तो किलोंच्या भावानं वर न्यावा लागतो. इथे जोसेफ लिंडमायर आणि जेम्स ॲलिसन यांना दिसलं की निळा-जांभळा प्रकाश घटाच्या अगदी वरच्या पापुद्र्यातच शोषला जातो आणि तिथेच वाया जातो. त्या पापुद्र्यात परकीय अणू इतके ठासून भरलेले होते की सुटलेला इलेक्ट्रॉन जन्मताच मरत होता. त्यांनी तो पापुद्रा शंभर-दीडशे नॅनोमीटरपर्यंत पातळ केला. अवकाशात वातावरणाचं गाळण नसल्यानं निळा आणि अतिनील प्रकाश जमिनीपेक्षा जास्त असतो. तो आता विजेत उतरू लागला. या घटाला ‘व्हायोलेट सेल’ म्हणतात.

इथून लगेच निघू नका. दोन वर्षांनी, १९७४मध्ये, याच इमारतीत एक काम चाललंय ते जवळून पाहण्यासारखं आहे. भांड्यात गरम अल्कली आहे. एक चकती घासूनपुसून आरशासारखी केलेली, राखाडी चमकदार. सिलिकॉनची चकचकीत कापणी प्रकाशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा परत फेकते, म्हणजे सूर्यानं दिलेल्या तीन रुपयांतला एक दारातूनच परत. चकती द्रावणात सोडतात. बारीक बुडबुडे उठू लागतात, तो हायड्रोजन. अल्कली सिलिकॉन खात असते, पण सगळ्या दिशांनी सारखी नाही. स्फटिकाच्या काही पातळ्या ती भराभर खाते, काही पातळ्यांवर तिचे दात चालत नाहीत. जिथे चालत नाहीत त्या पातळ्या उरतात आणि त्यांचे आपोआप पिरॅमिड होतात, ५४.७ अंशांच्या उताराचे, एकमेकांना खेटून, काही मायक्रॉन उंचीचे. कुणी कोरले नाहीत, साचा नाही. स्फटिकाच्या घडणीतच ते होते.

चकती बाहेर काढतात. चमक गेलीय. वर प्रतिबिंब रोखणारा लेप चढवला की ती काळ्या मखमलीसारखी दिसते. एका उतारावरून परतलेला किरण समोरच्या उतारावर आपटतो आणि दुसऱ्यांदा आत जायची संधी मिळवतो. शिवाय तो तिरका शिरतो, त्यामुळे पृष्ठभागाजवळच शोषला जातो. विहीर थोडी का होईना, घराकडे सरकली. आज आपल्याकडच्या घरांच्या गच्चीवरच्या सिलिकॉन पॅनेलांतही हेच पिरॅमिड असतात. ते उपग्रहासाठी जन्मले हे मला सांगावंसं वाटतं, कारण अवकाशसंशोधनावरच्या खर्चाचा हिशेब मांडताना या पिरॅमिडांची आठवण क्वचितच कुणी काढतं.

पण काळा घट अवकाशात एक नवीन अडचण घेऊन आला. काळी वस्तू तापते. जमिनीवर वारा असतो, वर वारा नाही. उष्णता फक्त किरणांवाटे बाहेर पडते. जो अवरक्त प्रकाश वीज करत नाही तोही आत अडकून घट तापवू लागला, आणि तापलेला सौरघट कमी वीज देतो. मिळवलेल्यातलं थोडं असं हातातून गेलं. म्हणून पुढच्या लोकांना प्रश्न पडला: हवा तोच प्रकाश आत घेणारा पृष्ठभाग करता येईल का? त्यासाठी रचना प्रकाशाच्या लाटेपेक्षाही लहान हवी.

ती रचना एका किड्याजवळ तयार होती. दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्या डोळ्यात कुणी पाहिलं नव्हतं. १९६२मध्ये, होनोलुलूत आभाळ पेटलं त्याच वर्षी, स्वीडनच्या कार्ल गुस्टाफ बर्नहार्ड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून रातपतंगाच्या डोळ्याचा पृष्ठभाग पाहिला. तो गुळगुळीत नव्हता. त्यावर साधारण दोनशे नॅनोमीटर अंतरानं बारीक उंचवटे होते, हजारोंनी. माणसाचा केस त्याहून काही शेकडो पट जाड असतो. १९७३मध्ये इंग्लंडमध्ये टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत क्लॅफम आणि हटली यांनी लेसरचे किरण एकमेकांवर पाडून तसेच उंचवटे काचेवर उमटवले. काचेवरची चकाकी गेली.

कारण सोपं आहे. हवेतून काचेत शिरताना प्रकाशाला पायरी लागते आणि पायरीवर तो काही प्रमाणात परत फिरतो. उंचवटे प्रकाशाच्या लाटेपेक्षा लहान असले तर लाटेला उंचवटा वेगळा कळतच नाही. टोकाशी बरीचशी हवा, बुडाशी बरीचशी काच, मध्ये हळूहळू बदल. पायरीचा उतार होतो. अंधारात शत्रूला डोळा चमकून दिसू नये म्हणून पतंगाला ही देणगी मिळाली असावी. उपग्रहाच्या पॅनेलांवर सूर्य तिरका पडतो तेव्हाही हा उतार काम करतो, हा त्याचा विशेष गुण.

पुढचा थांबा न्यूयॉर्क राज्यातलं रोचेस्टर, साल २००८. तोवर अवकाशातले घट बदललेत. सिलिकॉनच्या जागी तीन मजली घट आलेत: वर इंडियम गॅलियम फॉस्फाइड, मध्ये गॅलियम आर्सेनाइड, तळाला जर्मेनियम. प्रत्येक मजला प्रकाशाचा आपापला हिस्सा घेतो. हे पदार्थ प्रकाश इतक्या पटकन शोषतात की काही मायक्रॉनचा थर पुरतो, म्हणजे विहीर अंगणात आली. अशा घटांची कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या आसपास. पण तीन मजले एकाच माळेत जोडलेले आहेत. तीन माणसं हातोहात विटा देत असली तर सगळ्यात हळू असणाऱ्याच्या वेगानंच विटा पुढे सरकतात. इथे मधला मजला हळू आहे, आणि किरणोत्साराचा मारही सर्वाधिक त्यालाच बसतो.

तुम्ही रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या सेथ हबर्ड यांच्या गटाचं काम बघताय. जोडीला क्लीव्हलँडचं नासाचं ग्लेन केंद्र. तापवलेल्या गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीवर इंडियम आणि आर्सेनिक वायुरूपात सोडलं जातंय. इंडियम आर्सेनाइडच्या अणूंमधलं अंतर खालच्यापेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी जास्त आहे. पहिला दीड-दोन अणूंचा थर आवळून कसाबसा बसतो. मग ताण सहन होत नाही, आणि सपाट थर मोडून त्याचे ठिपके होतात, तेलकट तव्यावर पाणी पडून थेंब व्हावेत तसे. रुंदी वीस नॅनोमीटरच्या आसपास, उंची त्याहून कितीतरी कमी. हेच क्वांटम डॉट. गॅलियम आर्सेनाइड एकट्यानं जो तांबड्यापलीकडचा प्रकाश सोडून देतो तो हे ठिपके पकडतात, आणि मधल्या हळू माणसाच्या हाताला थोडा वेग येतो.

ठिपक्यांचे थर एकावर एक रचले की ताण साठत जातो आणि स्फटिकाला भेगा पडू लागतात. हबर्ड यांच्या गटानं मध्ये उलट्या ओढीचा, कमी अंतराच्या अणूंचा, गॅलियम फॉस्फाइडचा पातळ थर घातला. एक ढकलतो, दुसरा ओढतो, आणि रचना उभी राहते. वीजप्रवाह वाढला. विद्युतदाब मात्र घटला. माद्रिदच्या अंतोनियो लुके आणि अंतोनियो मार्ती यांनी १९९७मध्ये कागदावर दाखवलं होतं की अशा मधल्या ऊर्जापातळीचा घट, प्रकाश पुरेपूर एकवटला तर, ६३ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. प्रत्यक्षात ठिपके त्याच्या जवळपासही गेलेले नाहीत. तरी मी या कामाला फसलेलं म्हणणार नाही. ढकल आणि ओढ यांचा तोल कसा राखायचा, हे अशाच प्रयोगांतून हाताला बसत गेलं.

त्या तोलाचं फळ बघायला २०२२च्या मेमध्ये कोलोरॅडोतल्या गोल्डन गावी या. नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरीत मायल्स स्टायनर, रायन फ्रान्स, जॉन गाइझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन मजली घटाच्या मधल्या मजल्यात क्वांटम वेल घातल्यात. ठिपक्यांऐवजी पत्रे: काही नॅनोमीटर जाडीचा ढकलणारा थर, मग ओढणारा, मग पुन्हा ढकलणारा, एकावर एक अशी मोठी चवड, आणि कुठे भेग नाही. जमिनीवरच्या उन्हात ३९.५ टक्के, अवकाशातल्या उन्हात ३४.२ टक्के. अवकाशात दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॉट ऊन पडतं. त्यातल्या एक तृतीयांशाहून अधिकाची वीज. व्हॅनगार्डच्या गोळ्यापासून इथवर आलात की हा आकडा वाचून ऊर भरून येतो.

आणि तरी हा घट जाहीर करणाऱ्या घोषणेतलं एक वाक्य नीट वाचा. कमी किरणोत्साराच्या अवकाशमोहिमांसाठी हा घट योग्य, असं तिथे म्हटलंय. कमी किरणोत्साराच्या. ३४.२ हा पहिल्या दिवसाचा आकडा आहे.

कमी किरणोत्सार नसेल तर काय, ते गुरू ग्रहाजवळ दिसतं. ५ जुलै २०१६ला ‘जुनो’ यान तिथे पोहोचलं. तीन लांबलचक पंख, १८,६९८ घट. पृथ्वीजवळ असते तर १४ किलोवॉट दिले असते. तिथे जेमतेम ५०० वॉट, कारण ऊन पंचविसाव्या हिश्शाहूनही कमी. वर गुरूचे किरणोत्साराचे पट्टे, सूर्यमालेतल्या ग्रहांमध्ये सर्वांत उग्र. म्हणून घटांवर जाड काच आणि लांबट कक्षा, पट्ट्यांना चुकवत जाणारी. काच म्हणजे वजन. घटच चिवट असता तर ते वाचलं असतं.

चिवट घट कसा असेल, याची एक झलक कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक या संस्थेत २०१९ला दिसते. स्वीडनच्या लुंड इथल्या संशोधकांबरोबर तिथल्या गटानं सपाट थराऐवजी गॅलियम आर्सेनाइडच्या नॅनोतारांचं कुरण घेतलं. पिकात उभे राहून वर बघितल्यासारखं वाटेल: सगळीकडे उभे देठ, मध्ये मोकळी जागा, आणि तरी प्रकाश सगळा देठांत ओढला जातो. मग त्यावर प्रोटॉनांचा मारा केला. सपाट घट ज्या माऱ्यात कोसळला त्याहून कितीतरी अधिक मारा या तारांनी सोसला. उडालेला अणू आणि त्यानं धक्का दिलेले शेजारी बारीक तारेच्या कडेतून बाहेर निघून जातात, आत नासधूस कमी. आणि प्रकाशानं सोडवलेल्या इलेक्ट्रॉनाला चालायचंच किती? विहीर दाराशी आली. घागर गळकी असली तरी पाणी घरात पोचतं. या तारांची कार्यक्षमता आज १५ टक्क्यांच्या आसपास आहे, चांगल्या तीन मजली घटाच्या निम्मी. माझं मत विचाराल तर मी या निम्म्या आकड्यावर लक्ष ठेवीन.

३ जानेवारी २०२३ला कॅल्टेकनंच ३२ प्रकारचे घट एका यानातून वर पाठवले. वर्षभरानं निकाल आला: गॅलियम आर्सेनाइडचे घट सातत्यानं चालले, पेरोव्स्काइट या नवख्या पदार्थाचे एकसारखे वागले नाहीत. प्रयोगशाळेतला आकडा वर गेल्यावर टिकेल याची खात्री वर गेल्याशिवाय मिळत नाही.

आता घरी परत या. पुढच्या वेळी अवकाशातल्या सौरघटाच्या विक्रमाची बातमी वाचाल तेव्हा दुसरा आकडा शोधा. दर चौरस सेंटिमीटरला दहाचा पंधरावा घात इतके, एक मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन पाडून चाचणी करतात. भूस्थिर कक्षेतल्या साधारण पंधरा वर्षांचा तो मार मानला जातो. आजचे चांगले तीन मजली घट त्यानंतर मूळ विजेच्या ८५ टक्क्यांच्या आसपास राखतात. बातमीत हा आकडा नसेल तर विक्रम अर्धाच सांगितलेला आहे.

आणि व्हॅनगार्ड अजून वरच आहे. माणसानं सोडलेल्या, अजून कक्षेत असलेल्या वस्तूंमधली सर्वांत जुनी. तिची कक्षा विषुववृत्ताशी ३४ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे ती महाराष्ट्रावरूनही जाते. एक फेरी सुमारे सव्वादोन तासांची. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही, आणि मे १९६४नंतर तिचा आवाज आलेला नाही.